फक्कीचं घर

"चप्पल भाईर काढा."

एवढं म्हणून चाचा वाकायचे आणि जमिनीवर पंजा पसरून दाखवायचे, की इथं. समोर मोकळं मैदान. ढेकळं, वाळल्या गवताची खुंटं, दोन-चार विटा आणि पांढऱ्या फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या भुकटीच्या, रेघा. पडेगावहून रिक्षा करून घर बघायला आलेलं कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. मग आजीबाई आधी चपला काढायच्या, त्यांच्यामागं सून, आणि मुलगा बुटाची नाडी सोडत एका पायावर उभा राहायचा. अशी सगळी वरात अनवाणी मातीत शिरायची.

कुणी घाईत रेघ ओलांडून मधूनच आत आलं, तर चाचा हात आडवा करायचे. "भिंतीतून नका येऊ. दार तिकडं हाय."

हसू येतंय ना? मलाही पहिल्या दिवशी आलं होतं. आठवड्याभरात मी स्वतः दारातून वळसा घालून जायला लागले, तेही आजूबाजूला कुणी बघत नसताना.

मी त्या साइटच्या विक्री ऑफिसात होते. त्याआधी बारा वर्षं गुलमंडीत साड्या विकल्या. साडी विकणं सोपं असतं हो. गिऱ्हाईक बसलं की पदर उलगडायचा, खांद्यावर टाकायचा, आरसा दाखवायचा. इथं उलगडायचं काय? जागा म्हणजे शहराच्या बावन्न पुऱ्यांतल्या, जुन्या वस्त्यांतल्या, एका पुऱ्याच्या टोकाची जुनी बाग. पुऱ्याचं नाव सांगत नाही, जुने लोक ओळखतीलच. बागेतलं उरलं होतं एक मोडकं कारंजं, उंच दगडी भिंत आणि एक भलीमोठी चिंच. तिथं तीन विंगा उभ्या राहणार होत्या. माहितीपत्रकावर 'इतिहासाच्या कुशीत आधुनिक घर' असं छापलं होतं. ते वाक्य माझंच. आमच्या बिल्डर शेठना फार आवडलं होतं.

पण माणसं नकाशा घेऊन उलटा-सुलटा करायची. संडास कुठला आणि गॅलरी कुठली, हे कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. 'विचार करून सांगतो' म्हणत निघून जायची. 'विचार करून सांगतो' म्हणजे काय, हे साडीच्या दुकानात काम केलेल्या बाईला कुणी शिकवायला नको.

चाचा तेव्हा साइटवर राखणीला होते. हातून पाच-पन्नास घरं बांधून झालेला मिस्त्री, पण वय झालेलं, परांचीवर चढवत नव्हतं. एकदा असंच एक कुटुंब तोंड पाडून परत निघालं तेव्हा चाचांनी त्यांना थांबवलं. कोपऱ्यातलं फक्कीचं पोतं ओढलं, दोरी ताणली, गुण्या लावून काटकोन धरला, आणि पाऊण तासात त्या माणसाचं दोन बेडरूमचं घर जमिनीवर आखून दिलं. मापात. टेप लावून इंजिनिअरनं नंतर पाहिलं, बोटाचा फरक नव्हता.

त्यांची एक रीत होती. आखायला घेतलं की सगळ्यात आधी दाराची जागा सोडायची, तिथं दोन बाजूंना दोन विटा ठेवायच्या, आणि मग पहिली रेघ मारायची. "आधी दार, मग भिंत," म्हणायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "भिंत आधी केली की माणूस बाहेर राहतो ना ताई."

त्यानंतर आमच्याकडं घर बघणं म्हणजे चाचांच्या रेघांत फिरणं झालं. कुणाचा देव्हारा कुठल्या कोपऱ्यात यायला हवा ते चाचा न विचारता दाखवायचे. कुणाच्या घरात झोपताना पाय पश्चिमेला, काबाच्या दिशेला, जाऊ द्यायचे नाहीत, तेही त्यांना आडनावावरून कळायचं. दोन विटा मांडल्या की गॅसचा ओटा, एक उलटी पाटी म्हणजे फ्रिज.

एका सूनबाईंना मी कधी विसरणार नाही. नवऱ्याला घेऊन ती बेडरूमच्या रेघांत गेली आणि आवाज खाली करून म्हणाली, आईंची खोली आपल्या खोलीला लागून नको. सासूबाई चार हातांवर हॉलमध्ये उभ्या. मधे होती नुसती फक्की. पण सासूबाईंनी चिंचेकडे तोंड फिरवलं आणि काहीच ऐकू न आल्यासारख्या उभ्या राहिल्या. चाचांनी नंतर मला म्हटलं, भिंत मजबूत निघाली. मी इतकी हसले की रजिस्टरवर चहा सांडला.

आणि खरं बोलायची त्यांना वाईट खोड होती. एक आजी स्वयंपाकघरात जाऊन मांडी घालून बसल्या, पोळ्या लाटल्यासारखे हात हलवले आणि कोपर कुठं लागतंय का बघायला लागल्या. मी म्हणत होते, प्रशस्त आहे आजी. चाचा म्हणाले, लहानच हाय. माझे डोळे केवढे झाले असतील, तुम्हीच समजा. ते बुकिंग त्या दिवशी गेलं. पंधरा दिवसांनी तेच लोक मोठ्या स्वयंपाकघराचं घर घ्यायला परत आले आणि थेट चाचांकडे गेले, मला ओलांडून. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आता चाचांचं स्वतःचं. त्या बागेच्या भिंतीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, त्यांच्या वडिलांपासूनचं. जुन्या मालकानं जागा विकली तेव्हा व्यवहारात ठरलं, की पत्र्याच्या घराच्या बदल्यात सी विंगमध्ये तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर देणार. तळमजला चाचांनी मागून घेतला होता. चाचींचे गुडघे गेले होते. ए आणि बी विंगच्या खाली गाड्या लागणार होत्या, म्हणून जमिनीवर घर मिळायचं ते फक्त सी विंगेतच. तोवर दोघं पडेगावला एका बिऱ्हाडात दुसऱ्या मजल्यावर राहत होती. चाची तिथं चढल्या त्या महिनोन् महिने खाली उतरल्याच नाहीत. चाचा मला सांगायचे, ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि खालून जाणाऱ्या भाजीवालीशी भांडते, तेवढाच तिचा बाजार.

म्हणून चाचा रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम एकच करायचे. सी विंगच्या जागेवर स्वतःचं घर त्यांनी आखून ठेवलं होतं. वाऱ्यानं, कुत्र्यांनी पुसलेल्या रेघांवर पुन्हा फक्की सोडायचे. गिऱ्हाइकांची घरं आठ दिवसांत मिटायची. हे एक घर कायम पांढरंशुभ्र.

एकदा त्यांनी चाचींना आणलं. शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून त्यांना जिना उतरवला आणि चाचांनी रिक्षातून हात धरून रेघेपर्यंत आणलं. चाचींनी न सांगता चपला काढल्या, दोन विटांमधून आत पाऊल टाकलं आणि कमरेवर हात ठेवून चौफेर बघितलं.

"इत्ता बडा घर? झाडू कौन मारींगा?"

चाचांच्या चेहऱ्याकडे बघून मला माझ्या लग्नातलं माझ्या नवऱ्याचं तोंड आठवलं. चाची पार हिंडल्या. स्वयंपाकघर पसंत केलं, मोरीला नाक मुरडलं. नकाशात खिडकी दगडी भिंतीकडे होती. चाची म्हणाल्या, ती नको, इकडं हवी. चिंचेकडं बोट केलं. लग्न होऊन त्या पुऱ्यात आल्या तेव्हापासून ते झाड त्यांच्या समोर होतं. चाचांनी लगेच तळहातानं रेघ पुसली आणि खिडकी तिकडं घेतली. मी शेठना सांगून तेवढा बदल मंजूर करून आणला. माझ्या हातून त्या साइटवर झालेलं ते एक चांगलं काम.

उन्हाळा लागला. सी विंगचं खोदकाम सोमवारी सुरू व्हायचं होतं. त्याच्या आधी आठ-दहा दिवस चाचा फक्कीवर चिडायला लागले. सकाळी येऊन बघावं तर त्यांच्या घराच्या रेघा एका पट्टीत राखाडी पडलेल्या असायच्या, पट्टी हॉलमधून तिरकी स्वयंपाकघराकडं. त्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या, माल भेसळीचा म्हणून. पोतं बदललं. नवी फक्की मारली. दुसऱ्या दिवशी तीच पट्टी, त्याच जागी. मी चिडवलं, चाचा, घरात राहायला यायच्या आधीच गळती लागली की.

शनिवारी ते ऑफिसात आले आणि प्रथमच परवानगी न घेता खुर्चीवर बसले.

तुम्हाला ठाऊक असेल, या शहराच्या पोटात जुनी नहर आहे. डोंगराचं पाणी खापराच्या नळांतून जमिनीखालून आणलेलं. बरीचशी बुजली, पण आमच्या साइटच्या खालच्या गल्लीतला हौद अजून तिच्यावरच भरतो. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सांगत बसत नाही, गल्लीतल्या बाया त्या हौदावरच जगतात. जागा घेताना शेठनी चाचांना विचारलं होतं, नहर आपल्यातून जाते का. चाचा वडिलांबरोबर तिच्या डागडुजीला गेलेले. त्यांनी छातीठोक सांगितलं होतं, भिंतीच्या पलीकडून जाते.

"मी चुकलो ताई," ते म्हणाले. "ती आपल्याच जागेत हाय. सी विंगच्या पोटातनं जाते. ती पट्टी तिच्याच ओलीनं पडते."

मी दार लावून घेतलं. खोटं नाही सांगत, माझ्या डोक्यात हौद आला नाही. सी विंगची माझी बुकिंगं आली. मी त्यांना म्हटलं, सोमवारी मशीन येतंय, दोन दिवस गप्प राहा, कुणाला काय कळतंय, खापर आपोआप फुटलं तर फुटलं. आणि मी चाचींचं नाव घेतलं. मुद्दाम घेतलं. म्हटलं, तुमचं घर त्याच विंगेत आहे, चाचींना पुन्हा त्या जिन्यावर ठेवणार का?

"माझं घर हाय म्हणून तर दिसलं," चाचा म्हणाले. "दुसऱ्याच्या रेघेवर मी रोज कशाला गेलो असतो?"

मग म्हणाले, त्या हौदाच्या पायऱ्या चढून-उतरूनच हिचे गुडघे गेले. आता तिथं दुसऱ्या बाया उतरतात. एवढं बोलून ते उठले. जाताना खुर्ची पुन्हा होती तिथं सरकवून ठेवली.

सोमवारी मी पोचले तेव्हा मशीन फाटकात उभं होतं आणि ड्रायव्हर खाली उतरून डोकं खाजवत होता. सी विंगच्या आखणीवरून आडव्या दोन नव्या रेघा गेल्या होत्या, हातभर अंतरानं, कारंज्यापासून खालच्या भिंतीपर्यंत. त्या चाचांच्या हॉलमधून घुसून स्वयंपाकघर कापून बाहेर पडत होत्या. चाचा मधोमध उभे. ड्रायव्हर विचारत होता, ही कुठली भिंत?

"भिंत नाय. पाणी हाय."

शेठ आले. मोठमोठ्यानं बोलले. चाचांनी चूक आपली आहे हे सगळ्यांसमोर, मजुरांसमोरसुद्धा, दोनदा सांगितलं. मग पहार घेऊन स्वतःच खणायला लागले, स्वतःच्या स्वयंपाकघरात. कमरेइतकं खणल्यावर दगडी फरशी लागली. त्यांनी शेठना खाली बोलावलं. शेठ पांढऱ्या शर्टात त्या खड्ड्यात उतरले, फरशीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. वर आले तेव्हा कानाला माती होती. मशीन परत पाठवा, एवढंच म्हणाले. हा त्यांचा चांगुलपणा होता, की उद्या नहरीचे सरकारी कागद निघतील याची भीती, तुम्ही ठरवा. मला वाटतं थोडं थोडं दोन्ही होतं.

सी विंग रद्द झाली. तिच्या जागी बाग करायची ठरली, चिंच राखून. आणि मी काय केलं असेल? माहितीपत्रकात नवं वाक्य घातलं, 'जुन्या नहरीच्या काठी तुमचं घर'. ए आणि बी विंग हातोहात गेल्या. माझं काहीच गेलं नाही. ज्यांची सी विंगेत बुकिंगं होती त्यांनाही तिथंच वर जागा मिळाली.

चाचांना शेठनी बी विंगेत चौथ्या मजल्यावर घर दिलं. शब्द पाळला, नाव ठेवायला जागा नाही. इमारत झाल्यावर चाची बघायला आल्या. लिफ्टमध्ये बसल्या, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागली असतील. बाहेर आल्या त्या घामाघूम होऊन चाचांचा शर्ट मुठीत धरून. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यांनी चिंच बघितली आणि म्हणाल्या, वरून हिचं नुसतं डोकं दिसतं. मग हळूच म्हणाल्या, "मेरेकू नक्को." चाचांनी एका शब्दानं समजावलं नाही. ते घर त्यांनी शेठना परत केलं आणि दोघं दौलताबादला लेकीकडं राहायला गेली. लेकीचं घर शेतात आहे, जमिनीवर.

जायच्या दिवशी चाचा ऑफिसात आले. दोरी आणि गुण्या बरोबर घेतला, फक्कीचं अर्धं पोतं मला ठेवून दिलं. मी माफी मागायची ठरवली होती. चहा मागवला, तो प्यायलो, आणि मी दौलताबादला सीताफळं कशी मिळतात हे विचारत बसले. शनिवारचं त्यांनी कधी काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मधे दोन वर्षं गेली. मागच्या थंडीत लेकीचा फोन आला, अब्बा गेले. मी गेले नाही. साइटवर ए विंगचा ताबा द्यायची गडबड होती, असं मी स्वतःला सांगितलं.

परवा सकाळी पुन्हा त्याच नंबरवरून फोन. या वेळी चाची होत्या. माझी चौकशी केली, मुलांची केली. मग म्हणाल्या, एक विचारायचं होतं. ते जायच्या आधी म्हणत होते, आपली खिडकी बरोबर जागी होती, तिथून चिंच पुरती दिसली असती, बुंध्यापासून. खरंच दिसते का?

मी म्हटलं, बघून सांगते.

आता हे ऑफिसात बसून सांगता आलं असतं. दिसते म्हटलं असतं, संपलं. पण मला ते जमेना. मी ते अर्धं पोतं शोधून काढलं. तळाशी गोळे झालेले, ते फोडले. बागेत गेले. रहिवासी बायका गॅलरीतून बघत होत्या, की ऑफिसच्या म्याडमना झालंय काय. जागा पक्की आठवत होती. दोरी नव्हती, ओढणीचं टोक विटेखाली धरून रेघा मारल्या. हॉल, स्वयंपाकघर, मोरी. वाकड्यातिकड्या आल्या, चाचांनी बघितल्या असत्या तर पोतं हातातून काढून घेतलं असतं. चिंचेकडं खिडकीची जागा सोडली, चपला काढून हातात घेतल्या, आणि आत जायला वळले.

दार ठेवलंच नव्हतं.

चारी भिंती पुऱ्या करून मी बाहेर उभी. दोन बोटं रुंदीची रेघ, कुणीही ओलांडेल. मला ओलांडता येईना. त्या शनिवारी मी ऑफिसचं दार लावून घेतलं होतं ते आठवलं आणि मी भर बागेत रडले. बायकांना बघायचं ते बघू दे म्हटलं.

मग खाली बसून तळहातानं फक्की पुसली. तीन फूट. दोन बाजूंना दोन विटा ठेवल्या. चपला बाहेर ठेवून आत गेले, खिडकीपाशी गेले आणि चाची बसल्या असत्या तशी मांडी घालून बसले. पायाखालची माती गार होती, भर उन्हाच्या दिवसांत. चिंच समोर होती. बुंधा, फांद्या, खाली पडलेली चिंचांची वाकडी बोटुकं, सगळी.

मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, चाची, दिसते. बुंध्यापासून दिसते. तुमच्या खिडकीत बसूनच बोलतेय.



"चप्पल भाईर काढली ना?" चाचींनी विचारलं.

काढली म्हटलं.